अब्बांची मराठी नात

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मी एकदा सांगितलं, की आमचे अब्बा नात लिहितात. ती अर्धवट झोपेत होती. म्हणाली, "कुणाची नात?" मग मला सांगावं लागलं, की ही नात वेगळी. हुजूरांच्या, म्हणजे आमच्या पैगंबरांच्या स्तुतीची कविता, चालीवर म्हणतात ती. "मग उर्दूत लिहीत असतील," ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही ग, मराठीत." तेवढ्यात मोशीचा थांबा आला आणि ती उतरून गेली.

अब्बांना उर्दू वाचता येत नाही. ते चाकणकडच्या एका खेड्यातले. गावात मुसलमानांची चार घरं, शाळा मराठी. पुढे आकुर्डीत राहून त्यांनी सगळी नोकरी एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर केली. त्या धडधडीनं दोन्ही कान गेले. कानाचं मशीन आणलं, पण ते शिट्टी मारतं म्हणून काढून ठेवतात. अम्मी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि मी चाकणच्या कंपनीत आठ तास उभी राहून सुटे भाग तपासून येते. ओरडायचं त्राण उरत नाही. पुष्कळदा मी बोलतच नाही.

मिलादच्या, म्हणजे हुजूरांच्या जन्माच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात पुरुषांची मैफल होते. तिथे अब्बा दरवर्षी आपली एक नात म्हणायचे. बाकीचे सगळे उर्दूत म्हणायचे, हे मराठीत. लोक ऐकून घ्यायचे, म्हातारा माणूस म्हणून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिली पाळी करून मी बसमधून उतरले, तर मैफलीची व्यवस्था बघणारे आमचे शेजारी कोपऱ्यावर उभे होते. सज्जन माणूस. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "आपा, एक सांगायचं होतं. यंदा चाचांना नको म्हणायला लावू या."

"का? काय झालं?"

त्यांनी मला कडेला घेतलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. आदल्या वर्षी अब्बांचा सूर इतका भरकटला, की मागची पोरं हसायला लागली. तेव्हा माइकवाल्यानं आवाज बंद करून टाकला. अब्बांना कळलं नाही. ते डोळे मिटून बंद माइकमध्ये अख्खी नात म्हणत राहिले. लोक आपसांत बोलत होते. संपल्यावर अब्बांनी सगळ्यांना सलाम केला आणि खाली बसले.

"मला फार वाईट वाटलं, आपा. पुन्हा तसं नको व्हायला. तुम्हीच सांगा त्यांना."

मला त्यांचा राग आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं. मी बरं म्हटलं आणि जिना चढले.

अब्बा पलंगावर बसून वहीत लिहीत होते. यंदाची नात. मी हातपाय धुतले, चहा ठेवला, भाजी चिरायला घेतली. सांगायचं टाळत होते. ही गोष्ट ओरडून कशी सांगायची? भिंतीपलीकडच्यांना ऐकू गेली असती. शेवटी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं : 'अब्बा, यंदा मैफलीत म्हणू नका असं शेजारचे म्हणतात.'

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला.

"माइक बंद केल्ता त्यामुळं व्हय?" ते म्हणाले.

मी पलंगाच्या कडेला बसले.

"मला ऐकू येत न्हाई, पर हाताला कळतं की. भोंगा चालू असला की माइक हातात बारीक थरथरतो. मदीच थरथर थांबली. सारा जलम मशिनीवर गेला माझा, बंद पडल्याली मला कळत न्हाई व्हय?"

"मग थांबला का नाहीत?" मी ओरडले.

"कशाला थांबू? म्या काय माइकाला म्हनून दावत होतो?"

पण नंतर ते जेवले अर्धंच. ताट सारताना म्हणाले, "आता न्हाई जात. तू वाच बायकांच्यात. चाल लावू नगं. नुसती वाच."

मला नको होतं. बायकांची मिलादची मैफल दुपारी चार वाजता, मागच्या चाळीतल्या एका घरी. माझी पाळी सुटायची साडेतीनला, मग वाटेतली गर्दी. पाय सुजलेले. मी कधी चार माणसांत वाचलेलं नाही. पण त्यांनी वहीतलं पान नीट फाडून, घडी करून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलं होतं. ते परत काढून त्यांच्या हातात द्यायचं मला जमलं नाही.

पोचले तेव्हा कार्यक्रम संपत आला होता. घाम पुसून, कंपनीच्या शर्टावर ओढणी घेऊन दाराशीच उभी राहिले. एक मुलगी हळूच म्हणाली, "मराठीत नात असते?" आणि हसली. त्या घरची बाई म्हणाली, "बसून वाच ग, पडशील." मी बसले आणि वाचायला लागले. अब्बांचं अक्षर थरथरतं, दोनदा अडखळले. मधे त्यांनी लिहिलं होतं :

ज्याच्यासाठी आभाळाची दारं उघडली,
तो घरी येऊन आपली चप्पल आपण शिवतो,
शेळीची धार आपण काढतो,
दमलेल्याला म्हणतो, बस जरा.

तिथे मी थांबले. भक्तीनं म्हणाल तर तसं नव्हतं. सकाळी पाचपासून कुणी मला 'बस जरा' म्हटलं नव्हतं, ते त्या घरच्या बाईनं मघाशी म्हटलं होतं, आणि आता कागदावर अब्बांनी. मी पाणी मागितलं.

लातूरकडची एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "चपलेचं परत वाच, बाई." मी वाचलं. तिनं अजून एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "इतकी वर्सं उर्दू नात ऐकून सुबहानल्ला म्हणते मी. त्यात काय म्हणतेत ते आज कळलं." मी कागदाची घडी घातली. शेवटचा सलाम म्हटला गेला, शिरनीची मिठाई वाटली, मी घरी आले.

अब्बा दारातच होते. "झालं का? हसलं का कुनी?"

"नाही," मी ओरडले. त्या मुलीचं सांगितलं नाही. म्हातारीचं सांगितलं. त्यांना नीट ऐकू येईना, म्हणून कानाशी तोंड नेऊन तिसऱ्यांदा सांगितलं. ते म्हणाले, "व्हय?" आणि आत जाऊन मशीन कानात घालून आले. शिट्टी मारत होतं तरी काढलं नाही. "आता सांग. सगळं सांग, पयल्यापास्नं."

मला झोप अनावर झाली होती. पण जमिनीवर बसले आणि पाय पसरून सांगितलं, कोण कुठे बसलं होतं इथपासून.

गेल्या वर्षीही मी वाचलं. यंदा पाळी बदलली आहे. सुट्टी मागितलीय, मिळेल असं वाटत नाही. अब्बांनी लिहून ठेवलंय. त्या लातूरकडच्या म्हातारीला वाचता येत नाही, म्हणून ते म्हणतात, तुला न्हाई जमलं तर मीच जाऊन दारातनं तिला म्हनून दावतो. मी त्यांना थांबवणार नाही.