कट्यारीचं कौतुक

हे अंबडच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचे, आणि रविवारी तीच नजर घेऊन जुन्या कट्यारी, खंजीर शोधायचे. नव्वदच्या दशकातले आमचे बहुतेक रविवार जुन्या नाशकात, मोडीची भांडी विकणाऱ्या एकाच दुकानात गेले. मी ग्रंथालयात नोकरी करणारी. मला शस्त्रांपेक्षा त्यांच्यावरची पुस्तकं बरी वाटत. पण हळूहळू मलाही कळू लागलं. खऱ्या कट्यारीचं टोक चिलखत फोडण्यासाठी जाड ठेवलेलं असतं, आणि लिंबू-मीठ चोळून आणलेला गंज सगळीकडे सारखाच दिसतो.

आमची एक खूण ठरलेली होती. वस्तू अस्सल वाटली की मी नाक मुरडायचं. "शी, किती गंजलीय! घरात आधीच कमी अडगळ आहे का?" नकली असेल तर तोंडभर कौतुक. मग घरी येताना स्कूटरवर आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसायचो.

चांदवडकडून आलेल्या एका कट्यारीला मी सर्वांत जास्त नावं ठेवली. तिची मूठ इतकी अरुंद, की ह्यांचा पंजा आत शिरेना. माझा मात्र नेमका बसला. "मग ही तुझीच," हे घरी म्हणाले.

हे गेल्यावर महिन्याभराने तो दुकानदार आला. ह्यांनी त्याला शब्द दिला होता: माझ्या माघारी यातलं एक तुझं, तू निवडायचं. शब्द मोडणं मला जमणार नव्हतं, आणि ती कट्यार तर द्यायची नव्हती. लपवणार तरी कशी? त्यानेच विकलेली.

मी सगळं चटईवर मांडलं.

"मी काय निवडणार, वहिनी? तुम्ही ज्याला नावं ठेवाल ते नेतो."

मी चटईचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"साहेबांना वाटायचं, मला कळत नाही. तुम्ही नाक मुरडलं की मी भाव वाढवायचो."

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच हसू आलं. मग मी कट्यार उचलली. "ही बघा, किती सुबक! काय नक्षी, काय चकाकी!" आणि शेजारच्या, ह्यांनी एकदा फसून घेतलेल्या खंजिराकडे बघून नाक मुरडलं. "हा गंजका मेला न्या एकदाचा."

त्याने कट्यारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने खंजीर वर्तमानपत्रात गुंडाळला.

दारात चपला घालताना म्हणाला, "वहिनी, त्या नकली कट्यारीला पावसाळ्याआधी तेल लावा बरं का. टोकाला जरा जास्त."