चाचांचा पहिला नंबर

कापसाचा पुंजका चिमटीत धरायचा, हलकेच ओढायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "याचा पहिला नंबर. लिहून ठेवा." हे कापसाबद्दल नसायचं. भजनवाल्याबद्दल, कव्वालाबद्दल, शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाणाऱ्या पोराबद्दल असायचं. आणि चाचांनी असं म्हटलं, की त्या माणसाचा नंबर यायचा नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा जाणकार असेल. पण आमच्या चाचांइतकी खात्री त्याच्याजवळ नसणार.

खामगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गादी-रजईचं दुकान होतं. आमच्या घरात तेव्हा चौघा भावंडांत एक रजई. बाप कापसाच्या जिनिंग कारखान्यात गाठी उचलायचा, आई तिथंच सरकी झाडायची. रजईतला कापूस गोळा होऊन कोपऱ्यात बसला, की मधल्या दोघांच्या अंगावर नुसतं कापड यायचं. हिवाळ्याच्या तोंडी आई ती रजई चाचांकडे न्यायची. चाचा पिंजताना गुपचूप नवा कापूस आत सरकवायचे आणि वर म्हणायचे, "बाई, तुमचाच कापूस फुगला."

माणूस असा. मत मात्र घातकी.

भजन स्पर्धेत खंजेरीवाले मांडवात शिरण्याआधी त्यांना हात जोडायचे, "चाचा, आमचं नाव नका घेऊ." एका निवडणुकीत तर एका उमेदवारानं त्यांच्याकडे माणूस पाठवला. पाठिंबा मागायला नाही. "आमच्या विरोधकाले चांगलं म्हणा," एवढंच मागणं होतं. चाचांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "मी खोटं बोलत नाई," म्हणाले.

माझ्यावरही त्यांचा एक निकाल आहे. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. समोरच्या विठ्ठलच्या टपरीवर, भर गर्दीत चाचांनी जाहीर केलं, "हा काई पास होत नाई. डोक्यात सरकी हाय निरी." मला ते फार लागलं. मी पास झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला आणि पदवी घेऊन उतरणाराही पहिला. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. गल्लीभर पेढे वाटले, फक्त चाचांचं दुकान गाळलं. तर ते स्वतः आले, डब्यातला पेढा उचलला आणि म्हणाले, "चुकलं बुवा आपलं." गल्ली खो खो हसली. मी हसलो नाही.

पुढे मी त्यांच्याच शेजारच्या गाळ्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र टाकलं. पावसाळ्यात रजईचा धंदा मंदा. चाचा दुपारभर माझ्या बाकावर. तिथंच एकदा काँप्युटरवर कव्वाली संपली आणि आपोआप पियानो सुरू झाला. कुठल्या तरी परदेशात मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालली होती. मी बंद करायला गेलो.

"राहू दे बेटा. नंबर काढून राह्यले ना? मंग ऐकू दे."

दुसऱ्या दिवसापासून बाक भरला. चाचा, विठ्ठल, आणि शाळेत पेटी शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. तिकडे रात्री वाजवायचे, आम्ही दुपारी ऐकायचो. पियानो आमच्यापैकी कुणीच जन्मात जवळून पाहिला नव्हता. त्यामुळे मतांना कसली अडचण नव्हती.

पहिल्याच दिवशी एक धिप्पाड गडी आला आणि त्यानं पियानोला हलवून सोडलं.

"काय तयारी आहे!" गुरुजी म्हणाले.

"हा झोडपून राह्यला, गुरुजी. पिंजून नाई राह्यला," चाचा म्हणाले. "अशानं रजईत गाठी होतात."

विठ्ठलला फक्त घाम दिसायचा. "ज्याले जास्त घाम, त्याले नंबर. मेहनतीचं काम हाय बाप्पा."

व्हिडिओच्या खाली जगभरचे लोक आपापली मतं टाकत होते. इंग्रजी मला येतं, म्हणून मी वाचून मराठीत सांगायचो. एक म्हणे, याच्या वाजवण्यात आत्मा नाही. दुसरा म्हणे, तुझ्या कानात मळ आहे. तिसरा म्हणे, परीक्षक विकले गेलेत.

चाचांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्या भजनासारखंच हाय की!"

पहिल्या फेरीत चाचांनी दोघांसाठी पुंजका ओढला. दोघंही घरी गेले. गुरुजींचं बरं होतं. ते निकाल लागल्यावर मत द्यायचे आणि ते नेहमी बरोबर यायचं.

मग हिरव्या झग्यातली एक बारीक पोरगी आली. बसली. रुमालानं पट्ट्या पुसल्या. हात मांडीवर ठेवून नुसतीच थांबली. विठ्ठल म्हणाला, "विसरली काय वो?" चाचांनी त्याला हातानं गप्प केलं. तिनं वाजवलं, आणि संपल्यावरही हात तसेच वर धरून ती पुन्हा थांबली.

चाचा बाकावर पुढे सरकले. मग म्हणाले, "पिंजायचं मशीन बंद केल्यावर बी कापूस उडतच राह्यते. तो खाली बसू द्या लागते. हिले कळते ते."

त्यांची चिमूट पुंजक्याकडे गेली. बोटं ओढायला लागली आणि मध्येच थांबली. पुंजका त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला.

ती अंतिम फेरीत गेली. त्या दिवशी बाकावर आम्ही दोघंच होतो, तेव्हा चाचा म्हणाले, "एकडाव तरी आपलं म्हटलेलं खरं व्हावं, बेटा. सारी उमर लोकायनं हसूनच घेतलं."

"मग सांगून टाका ना चाचा, तिचाच पहिला नंबर."

त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला आणि उठून दुकानात गेले.

अंतिम फेरी ऐकायला गल्ली जमली. तिच्या आधी कुरळ्या केसांचा एक पोरगा वाजवून गेला. ती वाजवत असताना चाचा भिंतीकडे तोंड करून बसले होते. संपल्यावर गुरुजींनी चिमटा काढला, "बोला परीक्षक. आयुष्यात एकदा तरी बरोबर सांगा."

चाचा उठले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कुरळ्या केसाचा पोट्टा पहिला. हे पोरगी? काईच नाई हिच्यात. हात कच्चा हाय."

मी चकित झालो. खरं सांगतो, थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. खालून वर नावं घेत होते. तिसरा कोणी भलताच. दुसरा कुरळा. पहिली, हिरव्या झग्यावाली.

विठ्ठलनं टपरीवरून आरोळी ठोकली, "चाचा पुन्हा पडले वो!" गुरुजी म्हणाले, "मला वाटलंच होतं." गल्ली खो खो हसली. चाचा मान खाली घालून म्हणाले, "चुकलं बुवा आपलं."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

सगळे पांगल्यावर मी विचारलं, "चाचा, तुम्हाला तर तीच आवडली होती. काऊन असं बोलले?"

"मी ज्याले चांगलं म्हणतो त्याचं काय होते, तुले माईत नाई? लेकराचं नुसकान काऊन करू?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुह्या वेळेस बी तसंच केलं होतं. तुही माय रोज सरकी झाडून राह्यली होती. म्हटलं, आपल्या तोंडापाई ते वाया नको जायाले."

त्यांनी खिशातून तोच पुंजका काढला. ओढला. डोळे मिटले. "पहिला नंबर," हळूच म्हणाले.

चाचा जाऊन आता दोन हिवाळे झाले. दुकानात फोमच्या गाद्या आल्यात, त्यांना पिंजावं लागत नाही. भजन स्पर्धेत खंजेरीवाले बिनधास्त मांडवात शिरतात. गल्लीत अजून कुणाचा अंदाज चुकला, की लोक म्हणतात, चाचा झाला याचा. मी दर वेळी भांडत बसत नाही. फक्त इथं लिहून ठेवतो, ते म्हणायचे तसं.

ती पहिली आली. मी सेकंड क्लासमध्ये बी.कॉम. झालो. चाचांचे दोन्ही अंदाज बरोबर निघाले.