मादी द्यायची नाही

सायलीचा फोन आला तेव्हा मी नर्सरीत टोमॅटोच्या रोपांचे ट्रे गिऱ्हाइकाच्या गाडीत भरून घेत होते. “आत्या, पप्पा गेले,” एवढंच ती बोलली. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सकाळी गच्चीवर कबुतरांना दाणे टाकायला गेला, त्यांच्या ढाबळीच्या दारात खाली बसला आणि उठलाच नाही. गाडी रवाना केली, नवऱ्याला बरोबर घेतलं आणि बारामतीहून इंदापूरला निघाले. याला आता दीडेक महिना झाला.

राख सावडून आलो तर दाराशी भागातले कबूतरवाले उभे होते. हातात टोपल्या नव्हत्या, तेवढी लाज त्यांनी ठेवली होती. मी चहा दिला. कप खाली ठेवता ठेवता त्यांच्यातले एक तात्या म्हणाले, “ताई, ही वेळ न्हवं, पण इचारतो. माद्यांचं काय करायचं ठरलंय?” जिन्यात उभी असलेली सायली ताठ झाली. सध्या काही ठरलेलं नाही, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. त्यांचा राग आला नाही. दादाकडून एक मादी मिळावी म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं वाट बघत होती. दादा नर कुणालाही द्यायचा, फुकटसुद्धा. मादी मात्र द्यायची नाही, हा त्याचा नियम. मादी दुसऱ्याच्या गच्चीवर गेली की आपलं वाण दुसऱ्याचं झालं, असा त्याचा हिशोब.

पहिली जोडी त्यानं भिगवणच्या एका म्हाताऱ्या मासेवाल्याकडून आणली होती. दोन्ही काळी कुळकुळीत. त्यांना लाल पिल्लू झालं तेव्हा आमचे वडील, आबा, जेवताना म्हणाले, “मादी शेजारच्या गच्चीवर जाऊन आली वाटतं.” आम्ही हसलो. दादा हसला नाही. पुढच्या खेपेला त्यानं जोडी पूर्णवेळ कोंडून ठेवली, तरी पुन्हा एक पिल्लू लाल निघालं. “लाल दोघांच्याबी पोटात हाय, वर दिसत न्हाय,” तो म्हणाला. मी शाळेत होते. मला ते खुळ्यासारखं वाटलं.

पुढे तो वालचंदनगरला टर्नर म्हणून लागला, इंदापुरातून येऊन-जाऊन नोकरी केली, पण जीव गच्चीवर. एप्रिलच्या उन्हात इतरांची कबुतरं चोच उघडी टाकून सावलीला बसायची तेव्हा दादाची कबुतरं दुपार कलेपर्यंत आभाळात ठिपक्यासारखी असायची. हे काही आपोआप झालेलं नव्हतं. जी जास्त टिकायची तीच तो जोडीला लावायचा. बाहेर मादी द्यायची नाही, आणि बाहेरचे तरी त्याला कशाला देतील... त्यामुळे बाप-लेक, बहीण-भाऊ अशाच जोड्या लागत गेल्या. काही वर्षं उडवायच्या पैजेत त्याच्यासमोर कुणी टिकलं नाही. मग अंडी रिकामी निघायला लागली. कवचातच पिल्लं मरायला लागली. बाहेरचं रक्त आण, असं मी सांगून बघितलं. तो विषय बदलायचा.

याच सुमाराला घरात सोयरीक ठरत होती. माझा ओंकार आणि दादाची सायली. मामाची मुलगी करायची आमच्यात रीतच आहे आणि आईनं तर ती दोघं पाळण्यात असल्यापासून मनात धरलेलं. दादा आनंदानं हो म्हणाला होता. पोरंही राजी होती, फोनवर बोलायला लागली होती. सुपारी फोडायचा दिवस धरला. साड्यांचं बोलायला मी इंदापूरला गेले, तर दादानं मला गच्चीवर बोलावलं.

त्याच्या तळहातावर एक पिल्लू होतं. मान मागे वळून डोकं पाठीला टेकलेलं, सगळं अंग थरथरत होतं. तो त्याला थेंब थेंब पाणी पाजत होता. मी म्हटलं, मानमोडीची साथ असेल, बाकीच्यांना लस टोच.

“मानमोडी आली तर ढाबळीभर फिरती,” तो म्हणाला. “हे एकाच जोडीच्या पिल्लांत हाय. तिसरी खेप. बाकीची ठणठणीत.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “नंदे, शकूची मान आठवती का?”

शकू आमची धाकटी बहीण. तिला कधी मान धरता आली नाही, बसता आलं नाही, आणि सातवं वर्षही तिनं पाहिलं नाही. दादा तिला खांद्यावर घेऊन हिंडायचा. ती गेल्यावर घरात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या दुपारी ते पहिल्यांदा कानावर आलं.

“आबांनी मामाचीच पोरगी केली,” तो म्हणाला. “लाल दोघांच्या पोटात होता. आता तू आन् मी. मी सुपारी फोडणार न्हाय.”

माझं डोकं फिरलं. कबुतरं आणि आपली पोरं तू एका मापानं मोजतोस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “तू दिवसभर गिऱ्हाइकाला काय सांगतीस? घरचं बी धरू नका म्हनूनच ना?” माझा धंदा माझ्यावरच उलटवलेला मला खपत नाही. साड्यांचं न बोलताच मी खाली उतरले. आईला कळलं तेव्हा तिनं पदर डोळ्याला लावला नाही की आरडाओरडा केला नाही. वहिनी गेल्यापासून घरचा चहा दादाच करायचा; त्या दिवसापासून आईनं त्याच्या हातचा चहा घेणं बंद केलं, त्याच घरात राहून.

तरीही मी सगळ्यांना पुण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, नात्यातल्या लग्नात धोका वाढतो. होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही. शकूला नेमकं काय होतं हे माहीत नसताना त्याहून जास्त सांगता येणार नाही. त्या उत्तरातून मी मला हवं ते उचललं, दादानं त्याला हवं ते. सोयरीक मोडली. कबुतरांपायी मोडली, असं गावात झालं. ओंकारनं मामाचा फोन घेणं सोडलं. त्या वर्षीची भाऊबीज तशीच गेली. दादाचं बरोबर होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. कळायची वाटच त्यानं बंद केली, आणि ती जाणूनबुजून बंद केली.

पुढच्या उन्हाळ्यानंतर तो मोटारसायकलवर नर्सरीत आला. मागे जाळीची टोपली, आत एक काळी मादी. माफीबिफी काही मागितली नाही. म्हणाला, “हिला कुठलातरी गावठी नर लाव. पिल्लं तुझी.”

“मादी देतोस?” मी विचारलं.

“घरात ठेवली तर वाण संपंल, नंदे,” तो म्हणाला, आणि चहा मागितला.

जाताना त्यानं बजावलं, की हिचं मन इंदापुरातच आहे, दोऱ्यानं पंख बांध, नाहीतर उडून येईल. मी शेडनेटजवळ खुराडं केलं, गावठी नर आणला. पिल्लं झाली, सरळ मानेची, नर्सरीतल्या उन्हाला न जुमानणारी. ती उडायला लागली आणि मादी गेली. दोन दिवसांनी दादा टोपली घेऊन हजर. “पंख बांधला न्हाईस?” मी म्हटलं, कामात राहून गेलं. चहा झाला. ओंकारचं लग्न ठरतंय, सायलीला स्थळं येतायत, असं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग दर खेपेला तेच. पिल्लं उडायची, मादी इंदापूरला जायची, दादा तिला घेऊन यायचा, पंख बांध म्हणून ओरडायचा आणि चहा प्यायचा. एकदा ओंकारनंच त्याच्या हातातून टोपली घेतली. दोघं बोलले नाहीत, पण टोपली घेतली.

तेराव्यानंतर मी सायलीला गच्चीवर नेलं आणि मादी देताना दादा मला काय म्हणाला होता ते सांगितलं. तिनं ढाबळीच्या दाराची कडी काढली. मग तिनंच तात्यांना फोन केला. आले त्या प्रत्येकाला तिनं एकेक मादी दिली, स्वतःच्या हातानं. खाली आई बसली होती. कोण नेतंय, कुठं नेतंय, हे एकेकाला थांबवून विचारत होती.

गेल्या आठवड्यात सायलीचा फोन आला. “आत्या, तुमची मादी आलीय. पप्पांच्या ढाबळीत बसलीय.” मी दादाची ती जाळीची टोपली गाडीत टाकली आणि इंदापूरला गेले. मादी सापडली. आईनं चहा केला होता. तो पिऊन मी परत आले.

नर्सरीत सुतळी आहे, दोरा आहे, रोपं बांधायच्या पट्ट्या आहेत. खुराड्याचं दार लावलं. पंख मी बांधलेला नाही.