दोन वाजताचा चार्ज

“बीमारी मत बता, आदमी बता.”

दुपारचे दोन वाजले की सिस्टरचं हे वाक्य माझ्या काउंटरपर्यंत यायचं. भिलाईत, सुपेल्यातलं आमचं हॉस्पिटल वीस खाटांचं. मी पावत्या फाडणारी, ती वॉर्ड सांभाळणारी. पाळी बदलताना एकेक पेशंट पुढच्या नर्सला समजावून द्यायचा, त्याला चार्ज देणं म्हणतात. शिकाऊ मुली घाईत “बेड चार, हर्निया” म्हणून मोकळ्या व्हायच्या. सिस्टर उजव्या पायातली चप्पल काढून, सुजलेली पोटरी गार लोखंडी कपाटाला टेकवून उभी असायची.

“हर्निया क्या मेरा रिश्तेदार है? आदमी बता.”

मग मुलगी सांगायची की बाबा नंदिनी नगरहून आलेत, बायको नाही, पाणी मागायला लाजतात. तेव्हा कुठे सिस्टर चप्पल घालायची.

तुमच्याही पाहण्यात अशी एखादी असेल बघा, जी जन्मभर दुसऱ्यांना शिकवते आणि तिला कुणी मॅडम म्हणत नाही. हिला मॅडम व्हायचं होतं. नर्सिंग कॉलेजात, खुर्चीवर बसून शिकवायचं होतं. पण जवळ होता डिप्लोमा, आणि शिकवायला डिग्री लागते.

“अठरा वर्षं झाली उभी आहो, ताई,” ती मला म्हणाली. “आता पाय ऐकून नाही राहिले.”

वाटा दोन होत्या. एक दुर्गच्या कॉलेजातली, दोन वर्षांची, रोज हजेरीची. म्हणजे नोकरी सोडायची. दुसरी दूरशिक्षणाची, तीन वर्षांची, नोकरी करता करता. तिसरी वाट दाखवायला एक एजंट आला होता. “मॅडम, सिर्फ परीक्षा में आना, डिग्री घर पे.” सिस्टर म्हणाली, “फिर सुई लगाना किस पे सीखूं? आप पे?” गडी जो गेला तो पुन्हा फिरकला नाही.

दोन्ही फॉर्म माझ्या खणात महिनाभर पडून होते. डबा खाताना ती ते काढून समोर मांडायची. नवरा जामुलला सिमेंटच्या कामावर, तो म्हणायचा, तुले जे वाटते ते कर. तिला दुर्गला जायचं होतं, हे मला दिसत होतं. दुर्गच्या फॉर्मचे कोपरे हाताळून मऊ झाले होते.

“पण मी गेली तर चार्ज कोणाले देऊ?” ती म्हणायची.

आणि मी काय म्हणाले? आग लागो माझ्या जिभेला. “दूरशिक्षणाचाच भर. नोकरी राहते, डिग्रीही येते. कावून एवढा विचार करून राहिलीस?” खरं सांगते, मी तिचा विचार केलाच नव्हता. ती वॉर्डात असली की पेशंटच्या नातेवाइकांची भांडणं माझ्या काउंटरवर येत नसत. दुपारी डबा खायला सोबत असे. मला ती हवी होती, एवढंच.

तिने माझं ऐकलं. दुर्गची तारीख निघून गेली आणि मग दूरशिक्षणाचा फॉर्म परत आला. अनुभव या राज्यातल्या नोंदणीनंतरचा हवा होता. सिस्टर नागपुरात शिकलेली, नर्स म्हणून तिची नोंदणी तिथलीच. ती इथे बदलून घ्यायची असते हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही. आम्हा भिलाईच्या मराठी माणसांना नागपूर कधी परकं वाटतं का? घरचा कागद घरी आहे, म्हणून ती निश्चिंत होती. अठरा वर्षांचा अनुभव, आणि फॉर्मवर तो शून्य.

“जाऊ द्या ताई,” तीच मला म्हणाली. “पुढच्या साली दुर्गलेच जातो.”

ते वर्ष ती उभ्यानेच राहिली. सूज गुडघ्यापर्यंत चढली. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव. म्हणाली, “डॉक्टरले रोज मीच पाहून राहिली.” आम्ही दोघी हसलो.

नव्या वर्षी तिने दुर्गचा फॉर्म भरला, फोटो चिकटवला आणि माझ्याकडे दिला. “सोमवारी सुटी घेतो, दोघी जाऊन देऊन येऊ.” शनिवारी कामावर आलीच नाही. पायात साकळलेलं रक्त फुप्फुसात गेलं, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी घरी वेणी घालता घालताच गेली.

बसायला मिळालं असतं तर वाचली असती का? हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. त्यांनी तिन्हीदा सांगितलं की असं ठरवून सांगता येत नाही. चौथ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही.

फॉर्म अजून माझ्या खणात आहे. पावतीपुस्तक काढताना रोज तो फोटो दिसतो. खण बदलून बघितला, पण हात जुन्याच खणाकडे जातो.

आणि रोज दोन वाजता वॉर्डातून आवाज येतो, “बीमारी मत बता, आदमी बता.” तिनेच शिकवलेली जामुलची एक पोरगी बोलते, अगदी तोच सूर, तोच ठसका. मला हे ठाऊक आहे. तरी दर वेळी मी पावती फाडता फाडता थांबते आणि वळून लोखंडी कपाटाकडे बघते. त्याच्यापुढे मी एक खुर्ची आणून ठेवली आहे. तिच्यावर मी कुणाला बसू देत नाही.