शिंदखेड्याला सापडलेली ओळ

त्या दिवसांत मी देवाशी जवळजवळ अबोलाच धरला होता. नाना, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळले होते आणि त्यांची एकच इच्छा होती. ते जुनं इंग्रजी स्तोत्र एकदा चारही आवाजांत ऐकायचं. चारशे वर्षांपूर्वी तिकडच्या चर्चमध्ये ते वाद्यांशिवाय म्हणत. धुळ्याच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये नानांनी ते वीस वर्षं म्हणवून घेतलं. आम्हाला इंग्रजी स्वरलिपी कुठली वाचता येणार! म्हणून त्यांनी सारेगम लिहून प्रत्येक आवाजाची वेगळी वही केली. दुसऱ्याचं पाठ झालं की माणूस आपलं विसरतो, या धास्तीने एकाची वही दुसऱ्याला बघू देत नसत. मूळ छापील पानं वाळवीने खाल्ली तरी हा हट्टी माणूस निर्धास्त. मी स्वभावाने घाईची. माझा आवाज थांबतो तिथे बोटांवर मात्रा मोजत गप्प राहायचं मला जमत नसे आणि नाना रागवत.

आता तीन वह्या सापडल्या. चौथी, पुरुषांच्या वरच्या आवाजाची, नोकरीपुरते धुळ्यात एकटे राहून आमच्याबरोबर गाणाऱ्या ज्या भाऊंकडे होती ते शिंदखेड्याला घरी परत गेले आणि तिथेच वारले. नानांनाही ती ओळ आठवेना. मी प्रार्थना केली, पण तिच्यात विश्वास कमी आणि तक्रारच जास्त होती.

शेवटी एसटीने शिंदखेड्याला गेले. भाऊंच्या पत्नीला, अक्कांना, मी पहिल्यांदाच भेटत होते. चहा देऊन त्यांनी हळहळत सांगितलं, की दिवाळीच्या साफसफाईत वही रद्दीत गेली. मला रडूच कोसळलं. अक्का शेंगा फोडायला बसल्या आणि कामाच्या नादात गुणगुणू लागल्या. मी डोळे पुसायची थांबले. वीस वर्षं माझ्या शेजारी उभी असलेली ती ओळ होती. मधेच त्या गप्प झाल्या, बोटं मोजली आणि पुढे म्हणू लागल्या.

"अक्का, मधे का थांबलात?"

"त्या बी आठेच थांबेत. बोटं मोजेत, मंग पुढलं म्हनेत. माले वाटे, गानंच असं शे." त्या म्हणजे भाऊ; अहिराणीत नवऱ्याला मानाने तसंच म्हणतात.

त्यांनी पुन्हा म्हटलं. त्या थांबल्या आणि त्या जागी माझी ओळ आपोआप माझ्या तोंडून आली. अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हंजे त्या उगाच नही थांबेत," अक्का म्हणाल्या. "तुम्हनं ऐकेत."

रविवारी उपासनेनंतर अक्का, मी आणि उरलेल्या दोन वह्यांचे दोघं असे आम्ही चौघं नानांच्या खाटेभोवती उभे राहिलो. भाऊंची ओळ अक्कांनी आपल्या उंच सुरात म्हटली. नानांची बोटं चादरीवर मोजत होती. "आमेन" संपल्यावर ते इतकंच म्हणाले, "बठ्ठा उनात." सगळे आले. त्यानंतर आठ दिवसांनी ते गेले.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. वही गेली ती गेलीच. पण मी देवावर रुसून बसले होते तेव्हाही एक बाई शेंगा फोडता फोडता ती ओळ सांभाळत होती आणि तिलाही ते माहीत नव्हतं. प्रभूचे हे उपकार मी विसरणार नाही. नानांची आठवण मात्र अजून सोसवत नाही. सकाळी भांडी घासताना मी माझी एकटीची ओळ म्हणते. थांबायची जागा आली की आता घाई करत नाही. ओल्या हातांनी बोटं मोजते. तिकडे नाना गातच असतील.