शेवटच्या घराचा डबा

वडील गेले तेव्हा सक्करदऱ्यातल्या आमच्या घरी रिवाजाप्रमाणे चूल पेटली नाही. सुतकाच्या घरी शेजारपाजारचे डबे येतात. इतरांकडे ते दोन-तीन दिवसांत थांबतात, आमच्याकडे थांबेचनात. ज्यांना वडिलांनी कधीकाळी घराबाहेर काढलं होतं, तेसुद्धा नव्या पत्त्यावरून ऑटोने पिठलं-भात पाठवत होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर स्टीलची रांग लागली. काका ती रांग बघून डोळे पुसत म्हणाले, "पाय गा, लोकाइची किती माया होती दादावर."

वडिलांचा धंदा घरं आणि प्लॉट खाली करून देण्याचा होता. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. ते ज्याच्याकडे काम असेल त्याच्या घरापुढच्या ओट्यावर जाऊन बसत आणि चहा मागत. दुसऱ्या दिवशीच्या चहाला त्याची मुलगी कोणत्या कॉलेजात जाते, किती वाजता सुटते, हे आपुलकीने विचारत. काका आणि हाताखालची पोरं रस्त्यात गाडीला टेकून उभी असत. तिसऱ्या चहाची वेळ सहसा येत नसे.

घरी मात्र आम्हाला कुणी कधी हात लावला नाही. दर जूनमध्ये माझ्या पुस्तकांना कव्हरं वडीलच घालायचे, कोपरे इतके नीट दुमडून की वर्षभर पान वाकडं होत नसे. किराणावाला रांग सोडून आमचं सामान आधी काढायचा. शाळेत मला कुणी फळ्याजवळ बोलवत नसे, आणि पेपर कसाही गेला तरी मी वरच्या नंबरात असे. मी हुशार आहे की नाही हे कळायला मला दुसऱ्या गावी जावं लागलं. पुढे रामटेकला एका कॉलेजात ग्रंथपाल झालो. ग्रंथपाल म्हणजे काय ते घरी कुणाला समजेना, म्हणून सगळे मला मास्तर म्हणू लागले. मी ते घर सोडलं असं मी मानत होतो. घर तसं मानत नव्हतं. कुणी विचारलं तर सांगत, "मास्तर बाहेरगावी आहे."

थोरला मुलगा म्हणून अग्नी मी दिला. डोकं भादरून, धोतर नेसून, समोरच्या खोलीत घोंगडीवर बसलो. आल्यागेल्याचे नमस्कार घेत होतो. मला खरंच दुःख होत होतं, ही त्यातली अवघड गोष्ट. भेटायला येणाऱ्यांपैकी किती जणांना होत होतं, ते सांगता येणार नाही.

पाचव्या दिवशी काका स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ उभे राहिले. डब्यांवर नावं कोरलेली असतात, त्यामुळे हजेरी घेणं सोपं होतं.

"शेवटच्या घरचा नाई आला," ते म्हणाले.

गल्लीच्या शेवटच्या घरात एक निवृत्त नर्स एकट्या राहत. आम्ही लहानपणापासून त्यांना काकू म्हणायचो. त्यांचा घरामागचा प्लॉट वडिलांनी घेतला होता, म्हणजे एका सकाळी तिथे भिंत उभी राहिली. त्यांचे यजमान कोर्टात खेटे घालता घालता गेले. काकू पुढच्या दोन खोल्यांत राहिल्या. वडील एकदा त्यांच्या ओट्यावर चहाला गेले होते. काकूंनी चहा दिला नाही, आणि वडील, का कोण जाणे, पुन्हा गेले नाहीत.

"नसेल जमलं त्यांना," मी म्हणालो.

"जमत नाई म्हंजे? साऱ्या गल्लीनं पाठवला. लोकं पाहून राह्यले, मास्तर. आज डबा नाई, उद्या भिंत पाडतीन. तेरवी झाली का मीच जाऊन बसतो तिच्या ओट्यावर."

काकांना फक्त चहा पिऊन परत येणं जमत नसे, हे मला माहीत होतं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी माझ्या पिशवीतून कॉलेजला नेतो तो डबा काढला. त्यावर नाव नव्हतं. तो धुऊन ओट्यावर रांगेत पालथा घातला. एरवी कुणाचा डबा रिकामा परत करू नये म्हणतात, पण सुतकाच्या घरून तो रिकामाच जातो. त्यामुळे पुरावा म्हणून रिकामा डबा पुरेसा होता. संध्याकाळी काकांनी विचारलं, "हा कोणाचा?" मी सांगितलं, शेवटच्या घरचा, तुम्ही नसताना आला. काकांचा चेहरा उजळला. "आली न शेवटी लाइनीवर," ते म्हणाले.

मी निश्चिंत झालो. डबे परतही करायचे असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा उजवा हात असलेला माणूस डबे वाटायला निघाला. दंडावर गोंदण, गळ्यात साखळी आणि दोन्ही हातांत पिशव्या. मी त्याच्या मागोमाग चालू लागलो. सुतकात कुणाच्या घरात शिरायचं नसतं, म्हणून काकूंच्या फाटकाबाहेर थांबलो.

"हा घ्या काकू, तुमचा डबा."

काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "माहा नाई."

"तुमचाच हाये न वं. काकांनी सांगितलं."

"मी काही पाठवलं नाई. तो जिता होता तवा च्या नाई देला, आता भात कायले देऊ?"

तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. काकूंनीही पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

"तुहा होय काय हा?"

मी मान हलवली. "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"तुह्या बापानं मले वाकवून पाह्यलं, मी वाकली नाई," काकू म्हणाल्या. "तू तर मले न विचारताच वाकवून टाकलं. घेऊन जाय तो."

रस्त्यात तो माणूस म्हणाला, "मास्तर, पोचला म्हणून सांगतो मी. अजून निम्मी गल्ली बाकी हाये." एवढं सोपं होतं ते. मी डबा घेतला, घरी गेलो आणि काकांना सांगितलं की तो माझा आहे, काकूंनी काही पाठवलं नाही.

काकांनी डबा माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मंग जा लागते."

"तुम्ही गेलात तर दहाव्याला मी बसणार नाही."

या घरात कोर्टाला कुणी भ्यालं नव्हतं. पण पिंडदानाला अग्नी देणारा मुलगाच नसेल, आणि घाटावर सारं सक्करदरा बघत असेल, या विचाराने काकांच्या कपाळावर घाम आला. "दादाचा आत्मा भटकन ना बे," ते हळूच म्हणाले.

"त्यांच्या फोटोवर हात ठेवून म्हणा. तिथे कुणी जाणार नाही. तुम्ही नाही, पोरंही नाहीत."

त्यांनी हात ठेवला आणि म्हटलं. वडिलांच्या नावाने ते खोटं बोलत नसत. त्यांच्या धार्मिकपणावर माझा पूर्ण विश्वास होता. मग माझ्याकडे वळले. "एका बाईसाठी बापाचा दहावा अडवला तू. तेरवी झाली का निघ. पुन्हा या दारात पाय ठेवू नको. तू आमचा नाई."

हे वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकावं म्हणून मी वीस वर्षं थांबलो होतो. काका ते शिक्षा म्हणून सुनावत होते. मी "बरं" म्हणालो.

दहाव्याला बसलो. तेरवीला जेवणं उठल्यावर पिशवी भरली, माझी जुनी पुस्तकं बांधली. तो गोंदणवाला दारात उभाच होता. त्याने माझ्या हातातून पिशवी घेतली, ऑटोत नीट ठेवली, कलंडू नये म्हणून शेजारी पुस्तकांचा गठ्ठा लावला. मी म्हणालो, असू दे, मी घेतलं असतं.

"नाई मास्तर, मोठ्या साहेबांचा नियम होता," तो म्हणाला. "घर खाली करणाऱ्याचं सामान आपणच उचलून द्याचं." मग घराच्या दारातून आत वाकून पाहिलं. "अजून काही राह्यलं काय?"

"नाही," मी म्हणालो.