मखमल आणि मास्तर

‘आजोबा’ म्हटलेलं मास्तरांना खपत नसे. सव्वीस वर्षं त्यांच्याशेजारी बसून मी हे पाहिलंय. कोट शिवायच्या आमच्या दुकानात मी काजं करते, म्हणजे बटणांची भोकं कापून त्यांना दोरा घालते. मास्तर कापड बेतायचे. माझं स्टूल त्यांच्या लांबलचक टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी. त्यामुळे दुकानात त्यांचा तिरसटपणा सगळ्यात जास्त मीच ऐकला, आणि परतफेडही मीच केली. माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात.

मास्तरांचं टेबल कमरेच्या वर येईल इतकं उंच होतं आणि त्याला खुर्ची नव्हती. बेतणारा उभाच असतो. मास्तर तर डबासुद्धा उभ्यानेच खायचे. बसमध्ये कोणी ‘बसा आजोबा’ म्हणून उठलं की हे शेवटच्या थांब्यापर्यंत उभे. एका मुलीला तर म्हणाले, “तुझे आजोबा घरी असतील, त्यांना बसव.” ती बिचारी लाल झाली. सरकारी ओळखपत्र आलं, त्यावर ‘ज्येष्ठ नागरिक’. “नागरिक मी जन्मापासून आहे, हे ज्येष्ठ कोणी चिकटवलं?” असं म्हणून त्यांनी ते पत्र टाचण्यांच्या डबीखाली सरकवलं. डबी डुगडुगायची, ती थांबली. सगळ्यात जास्त राग कौतुकाचा. कोणी म्हणालं, “अजून काय तरतरीत आहात हो,” की त्याचं माप घेताना फीत मुद्दाम आवळायचे. मी पदर तोंडाला लावून हसायचे.

“मग म्हणायचं तरी काय तुम्हाला?” मी एकदा विचारलं.

“मास्तर म्हण. नाही जमलं तर गाढव म्हण. मधलं काही नको.”

हे गाढव कुठून आलं तेही सांगते. मास्तर बत्तीस वर्षांचे असताना त्यांच्या हातून मखमल वाया गेली होती. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर अडते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे, नाहीतर उजेडात एक काळपट दिसतो आणि एक उजळ. साध्या कापडात मात्र एक तुकडा उलटा फिरवून दुसऱ्याच्या बगलेत बसवतात, म्हणजे कापड वाचतं. चांगला बेतणारा हे झोपेतही करील. मास्तरांनी सवयीने मखमलीवर तेच केलं. तेव्हाच्या थोरल्या मालकांनी गिऱ्हाइकांसमोर त्यांची सालटी काढली. “गाढवा, ती मखमल आहे, गोणपाट नाही!” जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याच मालकांनी मखमलीचं नवं ठाण आणून टेबलावर आदळलं आणि एकच शब्द बोलले, “काप.” मास्तर हा किस्सा एखादं बक्षीस दाखवावं तसा सांगायचे.

थोरले मालक गेले. धाकटे मालक लहानपणी ह्याच टेबलाखाली चिंध्यांशी खेळायचे. ते मास्तरांना आजोबा म्हणू लागले. प्रेमानेच, त्यात खोट नव्हती, म्हणून तर भांडताही येईना.

गेल्या वर्षी एका वाद्यवृंदाचे अकरा कोट आले, गडद निळ्या मखमलीचे. दुकानात आता दुसरा बेतणारा आहे, चाळिशीचा, आम्ही त्याला चष्मेवाला म्हणतो. मालकांच्या मनात काम त्याला द्यायचं होतं. मास्तर अडून बसले. “मखमल माझी.” एकाहत्तर वर्षांचा माणूस इतका हट्टाने बोलला की मालक हसून हो म्हणाले. तीन दिवस मास्तर गुणगुणत कापत होते. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते, कारण आपण मध्येच काहीतरी खवचट बोलून त्यांचा आनंद घालवू अशी भीती वाटायची.

पहिला कोट शिवून पुतळ्यावर चढवला आणि पुतळा खिडकीशी आणला. डावी बाजू निळी, उजवी काळी. मशिनं एकेक करून थांबली. मास्तरांनी उलट्या हाताने कोटाची उजवी बाजू चाचपली, मग टेबलावरचे बाकीच्या दहा कोटांचे उजवे तुकडे चाचपले. सगळे उलटे. एकोणचाळीस वर्षांनी तीच चूक, त्याच सवयीने.

मालक आले. त्यांच्या कानशिलाची शीर उडताना मी पाहिली. मास्तर हात खाली सोडून ताठ उभे राहिले, आता शिव्या पडणार म्हणून. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा राग उतरला.

“असू दे आजोबा. ह्या वयात व्हायचंच. पाणी घ्या.”

“अकरा कोट नासवलेत मी. बोला काहीतरी.”

“त्यात काय बोलायचं? तुम्ही त्रास करून घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी नवं ठाण आलं. ते चष्मेवाल्याच्या टेबलावर गेलं. मास्तरांच्या टेबलापाशी खुर्ची आली होती, मऊ गादीची, पाठ टेकता येईल अशी. मालकांनी स्वतः आणून ठेवली होती. मास्तर तिच्याकडे न बघता माझ्याकडे आले. बोटांना खडू होता. बेतायला काहीच नव्हतं, तरी होता.

“काजबाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे लोक मला रागावत नाहीत गं. तुझी जीभ माझ्या कातरीपेक्षा धारदार आहे. तू तरी बोल.”

माझ्या जिभेवर होतं. ‘गाढव आहात तुम्ही, मखमलीवर कापड वाचवतं का कोणी?’ अख्खं वाक्य तयार होतं. आजवर ह्याहून वाईट बोलले असेन त्यांना, आणि ते उलट बोलले असतील. पण त्या बोटांवरचा खडू दिसला आणि मी ते वाक्य गिळलं.

“जाऊ द्या आजोबा,” मी म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका.”

शब्द तोंडातून सुटला तेव्हाच मला कळलं. त्यांनाही कळलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ते चिडले नाहीत. “बरं,” म्हणाले. टेबलाशी गेले, बोटांचा खडू रुमालाने पुसला, आणि त्या खुर्चीत बसले.